उत्सव आपला, कचरा कोणाचा?



गेल्या १४ एप्रिलच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाच्या सुमारास मी लातुरातील आमच्या वस्तीजवळच्या मैदानावरून जात होतो. आदल्या रात्री त्याच मैदानावर आमच्या समितीची जाहीर सभा झाली होती व तीत माझेही पाऊण तास भाषण झाले होते. धर्मांतराने आपणांस काय दिले, हा विषय होता. टाळ्याही बऱ्यापैकी पडल्या होत्या.

सकाळी त्या मैदानावर एक सफाई कामगार भगिनी एकटीच वाकून काम करीत होती. तिच्याजवळ दोन गोण्या होत्या. एकीत ती खिरीचे प्लास्टिकचे पेले, खरकटे द्रोण आणि पाण्याच्या अर्धवट भरलेल्या बाटल्या टाकीत होती. दुसरी गोणी तिने जरा दूर, एका दगडावर ठेवली होती. मला ओळखून ती म्हणाली, “जयभीम वकीलसाहेब. रातचं भाषण लई चांगलं झालं बघा तुमचं.” मी त्या दुसऱ्या गोणीकडे पाहून विचारले, “मावशी, ह्यात काय ठेवलेत?” ती म्हणाली, “त्याच्यावर बाबासाहेबांचा फोटू हाय, साहेब. कचऱ्यात कसं टाकू? घरी नेऊन ठिवते.”

गोणीत आमचीच हस्तपत्रके होती, पताका होत्या, फाटलेल्या फ्लेक्सचे तुकडे होते. प्रत्येकावर बाबासाहेबांची प्रतिमा, आणि पुष्कळांवर चपलांचे ठसे. ज्यांनी ती छापली, वाटली आणि तुडविली ते सर्व घरी निजले होते. त्यांत मीही होतो. प्रतिमेची अप्रतिष्ठा होऊ नये ही चिंता एकट्या त्या भगिनीलाच पडली होती. तिच्या रोजंदारीत ह्या दुसऱ्या गोणीचे पैसे धरलेले नव्हते, हे वेगळे सांगावयास नको.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनातून जात नाही. तो मी आपणापुढे मांडतो. विशेषतः ज्या कुटुंबांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतली आहे व जी आता आपापल्या वस्तीत पहिल्यांदाच जयंती, बुद्धपौर्णिमा किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिन साजरा करणार आहेत, त्यांच्यापुढे मांडतो. आपल्या उत्सवाचा कचरा उचलतो कोण, आणि तो त्यानेच का उचलावा?

ह्याचे उत्तर आपणांस ठाऊक आहे. मुंबई घ्या, नांदेड घ्या, लातूर घ्या. हातात झाडू घेऊन पहाटे रस्त्यावर उतरणाऱ्यांत बहुसंख्य माणसे पूर्वास्पृश्य जातींची आहेत. काही आपलीच आहेत, काही मांग, मेहतर, वाल्मीकी अशा आपल्यासारख्याच गांजलेल्या जातींची आहेत. म्हणजे आपण ज्या रात्री जातिनिर्मूलनाच्या घोषणा देतो, त्याच रात्री जातीने नेमून दिलेल्या कामाचा एक ढीग मागे ठेवून घरी जातो. ही विसंगती मला वकील म्हणून टोचते व बौद्ध म्हणून त्याहून अधिक टोचते.

बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा समारंभानंतर जे भाषण केले, त्यात मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडण्याचा विषय आला होता. हे काम सोडल्याने महारांचे कातडी, शिंगे, हाडे यांचे उत्पन्न बुडेल, असा हिशेब एका पत्रलेखकाने ‘केसरी’त मांडला होता. बाबासाहेबांचा जबाब असा होता की, एवढा लाभ असेल तर ती ढोरे तुम्हीच ओढा आणि तो लाभ तुम्हीच घ्या. माणसाला लाभापेक्षा इज्जत प्यारी असते, हे त्यांना सांगावयाचे होते. ह्या जबाबाचा एक अर्थ आपण पक्का धरला आहे. दुसऱ्याची घाण जन्मामुळे आमच्या माथी मारली जाणार नाही, हा तो अर्थ. परंतु त्याच जबाबाची दुसरी बाजूही आहे. ज्याचे ढोर, त्याने ओढावे. मग ज्याचा उत्सव, त्याने त्याचा कचरा उचलावा, हे त्यातून आपोआप निघत नाही काय? मालक बदलला म्हणून न्याय बदलत नाही.

मी हे आमच्या समितीच्या बैठकीत बोललो तेव्हा एक वृद्ध सदस्य उठले. त्यांनी आयुष्यभर हमाली केली आहे व त्यांचा मुलगा आज अभियंता आहे. ते म्हणाले, “वकीलसाहेब, झाडू हातातून सुटायला आमच्या तीन पिढ्या गेल्या. आता तुम्ही आमच्या नातवंडांच्या हातात पुन्हा झाडू देता?” सभागृह शांत झाले. हा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाही. ज्यांच्या पूर्वजांच्या कमरेस झाडू बांधला गेल्याची आठवण समाजात आजही जिवंत आहे, त्यांना झाडू ही साधी वस्तू वाटणार नाही. मी त्यांना एवढेच म्हणालो, “बाबा, झाडू आपल्या हातातून सुटला हे खरे, पण तो गेला कोठे? तो त्या बाईच्या हातात गेला. आपण तो मोडला नाही, पुढे सरकविला.” ते त्या दिवशी काही बोलले नाहीत. त्यांना माझे म्हणणे पटले, असा दावा मी करीत नाही.

दुसरा आक्षेप तरुणांचा होता व तो अधिक तिखट होता. इतरांच्या मिरवणुकांनंतर, यात्रांनंतर, लग्नवरातींनंतर रस्त्यांची काय दशा होते, हे सर्वांना दिसते. तेथे ती श्रद्धा ठरते. दादरला ६ डिसेंबरला लाखो गोरगरीब माणसे चैत्यभूमीवर येतात, तेव्हा मात्र काही सुस्थित लोकांच्या नाकाला रुमाल लागतो. हे तरुण म्हणाले की, आपणच आपल्या लोकांना स्वच्छतेचे धडे दिले तर त्या निंदकांच्या हातात कोलीत दिल्यासारखे होईल. त्यांचा राग रास्त आहे. त्या टीकेत कचऱ्याविषयीची चिंता थोडी असते आणि माणसांविषयीची किळस पुष्कळ असते, हे मीही ओळखतो. जेथे लाखो माणसे येणार हे आगाऊ ठाऊक असते तेथे पुरेसे नळ, शौचालये आणि कचरापेट्या नसतील, तर दोष प्रथम व्यवस्थेचा आहे. पेटी न ठेवता कचरा का टाकला, असे विचारणे म्हणजे विहीर बंद करून तहान का लागली असे विचारण्यासारखे आहे. सबब, सभेची परवानगी मागतानाच आपण पाणी, शौचालये व पेट्या लेखी मागितल्या पाहिजेत, आणि त्या अर्जाची पोच घेऊन ठेवली पाहिजे. ह्या कामी संकोच नको. तो आपला हक्क आहे.

परंतु निंदकाने बोट दाखविले म्हणून आपण आपल्या आचारधर्माचा विचारच सोडावयाचा, हे मला मान्य नाही. मग तो निंदकच आपला आचार ठरविणारा होऊन बसतो. मी हे दादरच्या कोणा बंगलेवाल्याचे समाधान व्हावे म्हणून लिहीत नाही. ती दुसरी गोणी पाहिली म्हणून लिहितो.

कायद्यासंबंधी दोन शब्द. ८ एप्रिल २०१६ रोजी केंद्र सरकारने घनकचरा व्यवस्थापनाचे नियम केले. त्यांत असे घातले गेले की, परवाना नसलेल्या जागी शंभरांहून अधिक माणसांचा कार्यक्रम करणाराने कामाचे निदान तीन दिवस आधी स्थानिक संस्थेस कळवावे, आणि कार्यक्रमाचा कचरा जागेवरच वेगवेगळा करून सोपविण्याची जबाबदारी आयोजकाची राहील. नियमांचे शब्द पुढे बदलतात, त्यातील तत्त्व लक्षात घ्यावयाचे आहे. कचरा ‘सरकारचा’ नसतो, तो करणाराचा असतो, हे कायद्याने कबूल केले. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने थर्माकोलची ताटे-वाट्या व प्लास्टिकचे एकदा वापरून फेकावयाचे पेले-चमचे यांवर बंदी घातली, आणि पहिल्या गुन्ह्यास पाच हजार रुपये दंड ठरविला. १ जुलै २०२२ पासून अशा पुष्कळ वस्तूंवर देशभर बंदी आली. तीत प्लास्टिकचे झेंडे आणि सजावटीचे थर्माकोलही आहे. हे सर्व छापील स्वरूपात असून, आमच्या मैदानावरील खीर प्लास्टिकच्याच पेल्यांतून वाटली गेली. समितीत दोन वकील होते. दुसऱ्याचे नाव सांगत नाही.

तथापि कायद्याला मर्यादा आहे. हाताने मैला उचलण्यास बंदी करणारा २०१३ चा कायदा ६ डिसेंबर २०१३ रोजी, म्हणजे महापरिनिर्वाणदिनीच, अमलात आला. त्याची अंमलबजावणी किती कच्ची आहे हे गटारांत गुदमरून मरणारांच्या बातम्यांवरून दिसते. पण पूर्ण अंमल झाला तरी तो कायदा खरकटे द्रोण उचलणाऱ्या बाईपर्यंत पोहोचत नाही. तिच्या वाट्याचे ओझे कमी करणे हे कोणत्याही कलमात बसत नाही. ते आपल्याच हातात आहे.

आता धम्माकडे वळू. बाबासाहेबांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ह्या ग्रंथात पतितांच्या व दलितांच्या धम्मदीक्षेचा भाग आहे. त्यात राजगृहाच्या सुनीत भंग्याची कथा आहे. लोकांनी रस्त्याच्या कडेला टाकलेला कचरा साफ करून तो पोट भरीत असे. भगवान भिक्षूंसह त्या रस्त्याने आले तेव्हा तो दचकून बाजूस झाला, आणि भगवंतांनी त्याला संघात घेतले. थेरगाथेत सुनीत कोमेजलेली फुले गोळा करून टाकणारा म्हणून येतो. ही कथा आपण व्याख्यानांत नेहमी सांगतो, व ती सांगून झाल्यावर कोमेजलेली फुले सुनीतासाठी मैदानावर ठेवून जातो! अलीकडे तर पुतळ्यावर जेसीबी यंत्राने फुले उधळण्याची आणि क्रेनने उचलावा लागेल असा हार घालण्याची टूम निघाली आहे. वंदनेत फूल वाहताना फुलाप्रमाणे हा देहही कोमेजणार, असे चिंतन करावयाचे असते. त्यासाठी ओंजळभर फुले पुरतात. यंत्रभर फुलांनी अनित्यतेचा बोध अधिक होतो, असा माझा तरी अनुभव नाही.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आणखी एक प्रसंग आहे, तो आपल्या व्याख्यानांत कमी येतो. कौशांबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंद स्थविरांना पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला शंका आली की हा श्रमण एवढ्या वस्त्रांचे करणार काय, कापडाचे दुकान मांडणार की काय? त्याने आनंदांना गाठून विचारले. आनंद म्हणाले, ज्या भिक्षूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटीन. जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे होतील. जुन्या पांघरुणांचे? गाद्यांचे अभ्रे. मग जुन्या अभ्र्यांची बसकरे, बसकरांची पायपुसणी, पायपुसण्यांची धूळ पुसण्याची फडकी. आणि ती फडकी फाटली की कुटून चिखलात कालवून त्याने जमीन सारवावयाची. राजा इतका संतुष्ट झाला की त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. उलटतपासणी कशी असावी याचा हा नमुना आहे; साक्षीदाराने एकही प्रश्न चुकविला नाही. आमच्या समितीला कोणी असेच विचारले असते की फ्लेक्सचे काय केले, तर दुसऱ्याच उत्तराला आम्ही निरुत्तर झालो असतो.

भिक्षूंच्या सेखिय नियमांत तर असेही आहे की, भाताची शिते असलेले पात्र धुतलेले पाणी गावात टाकू नये. अडीच हजार वर्षांपूर्वी इतक्या बारकाईने विचार झाला होता.

पाण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपण लातूरकर आहोत. मांजरा धरण आटले आणि मार्च २०१६ मध्ये येथील पाणवठ्यांवर जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर तोडून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. दोनच दिवसांनी बाबासाहेबांची १२५ वी जयंती होती. आपल्यापैकी कित्येकांनी त्या दिवसांत एका घागरीसाठी रात्री जागून काढल्या आहेत. आणि आपण त्या समाजाचे आहोत, ज्याने २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह केला व डोकी फोडून घेतली. त्या आपण सभेत अर्ध्या लिटरची बाटली फोडतो, दोन घोट घेतो आणि उरलेले पाणी खुर्चीखाली सोडून उठतो. दोन हजार माणसांनी निम्मी बाटली टाकली तर पाचशे लिटर पाणी जाते. हिशेब सोपा आहे, तो मांडताना मला मात्र सोपे गेले नाही. कारण भाषण करताना माझ्यासमोर ठेवलेल्या तीन बाटल्यांपैकी एकच मी संपविली होती.

तर मग करावयाचे काय? चैत्यभूमीवर ‘एक वही, एक पेन’ वाहण्याची जी प्रथा गेल्या काही वर्षांत रुजली आहे, ती मला सर्वांत बुद्धिमान वाटते. हार आणि मेणबत्तीचा पैसा वहीत जातो आणि वही एखाद्या मुलाच्या दप्तरात जाते. मागे कचरा उरतच नाही. ही कल्पना आपल्याच लोकांची आहे, बाहेरून कोणी शिकविलेली नाही. नांदेडकडे दाभडच्या बावरीनगरला पौष पौर्णिमेस धम्म परिषद भरते, तेथे खेड्यापाड्यांतून येणारी पुष्कळ कुटुंबे भाकरी फडक्यात बांधून आणतात. त्या फडक्याला आपण मागासलेपण समजू लागलो आहोत. वास्तविक ते आनंद स्थविरांच्या हिशेबात बसणारे आहे.

भोजनदानाची बाब मात्र जरा अवघड आहे. खीर, खिचडी वाटणे हा गरिबाचा आनंद आहे व तो मोडावा असे मी कदापि म्हणणार नाही. पूर्वी वस्तीत लग्न निघाले की विहाराची किंवा पंचांची भांडी वापरीत. आता ती भांडी माळ्यावर पडून आहेत आणि वर्गणीचे पैसे फेकावयाच्या पेल्यांवर जातात. ती भांडी पुन्हा काढावी. यावर आमच्या बैठकीत एका भगिनीने फार मार्मिक प्रश्न केला: “दोनशे ताटं घासायची कुणी? आम्हीच ना?” खरे आहे. सफाई कामगार भगिनीचे ओझे उतरवून ते घरच्या भगिनींवर घालावयाचे असेल तर ही सुधारणा नव्हे. ज्याने जेवले त्याने आपले ताट धुवावे, वक्त्यानेही धुवावे, अध्यक्षानेही धुवावे. दोन टपे ठेवावीत, एक घासण्याचे व एक खंगाळण्याचे. आणि ज्या साली लातूरला ताटे धुण्याइतकेही पाणी नसेल त्या साली पळसाची पत्रावळ आहेच. ती गुरे खातात किंवा ती उकिरड्यात कुजते. बाजारात कागदी म्हणून विकला जाणारा चकचकीत द्रोण मात्र पुष्कळदा आतून प्लास्टिकचा असतो, त्याला फसू नये. खरकट्यासह तो गाईच्या पोटात गेला तर प्राणिमात्रावरील करुणेची आपली प्रतिज्ञा कोठे राहिली?

प्रतिमेविषयी माझे मत कडक आहे व ते पुष्कळांना आवडणार नाही. फेकून दिल्या जाणाऱ्या कोणत्याही वस्तूवर, मग ते पत्रक असो, पेला असो वा पताका असो, बाबासाहेबांची व भगवंतांची प्रतिमा छापूच नये. प्रतिमा एकच असावी, व्यासपीठावर. कापडी फलक रंगवून घ्यावा आणि त्यावर साल घालू नये, म्हणजे तो दहा वर्षे चालतो. फ्लेक्सवर खाली जी पन्नास मुखकमले झळकतात, त्यांची थोडी गैरसोय होईल. असो.

आमच्या वस्तीत येत्या १४ ऑक्टोबरसाठी बैठकीने ठरविले आहे ते असे: सरणत्तय झाल्यावर कोणी उठून जाणार नाही. अर्धा तास सर्वजण मैदान साफ करतील, ओले व सुके वेगळे बांधतील, आणि सकाळी कचरागाडी येईल तेव्हा समितीचे दोन पुरुष सदस्य तेथे हजर राहतील. पहिल्या पाळीत माझे नाव आहे. ते वृद्ध सदस्य म्हणाले की ते झाडू धरणार नाहीत, परंतु गोणीचे तोंड उघडे धरून उभे राहतील. बैठकीने ते मान्य केले. त्या सफाई कामगार भगिनीलाही आम्ही निमंत्रण दिले आहे. काम करावयास नव्हे, समोरच्या रांगेत बसून खीर खावयास.

माळ्यावरून भांडी काढली, तेव्हा ताटे एकशे ऐंशी निघाली व वाट्या एकशे चाळीसच. ज्यांच्या घरी जुन्या स्टीलच्या वाट्या पडून असतील त्यांनी त्या विहारात आणून द्याव्यात; वाटीवर नाव घातलेले असले तरी चालेल.